काकी आणि तिचे राखणदार

आमच्या काकीचा नियम एकच: आधी हाणायचं, मग नाव विचारायचं. काका गेल्यावर लाटंबार्से गावातली काजूबाग तिनं एकटीनं राखली. कमरेला कायम कोयता. नाग दिसला की दोन तुकडे. आम्ही पोरं बोंडं चोरताना सापडलो की पाठीवर शिमटीचे वळ. माझ्या पाठीवरचा एक अजून आहे, आणि मी तो मिरवतो!

राखणीला ठेवलेला गडीच चोरांना वाट दाखवतो, हे कळलं तेव्हा काकीनं त्याला असा बडवला की त्याचा हात मोडला. "चोराक एकवेळ सोडीन, फितुराक नाय," म्हणाली.

गेल्या वर्षी तिच्या फुप्फुसात गाठ निघाली. वाईट गाठ. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे तुमचे राखणदार. गाठ त्यांतल्या काहींना निजवते, काहींना फितवते. मग तेच तिला पोसतात."

काकी लालबुंद. "म्हणजे कुंपणच शेत खाता!"

घरी येताच ती तडक बागेच्या बांधावर गेली. तिथल्या दगडात आमच्या जागेचा राखणदार, म्हणजे जमीन राखणारा देव. दरवर्षी त्याला जाड भाकरीचा रोट, सोरो म्हणजे गावठी दारू आणि विडी द्यायची. "इतकी वर्षां पोसलंय तुका! चोर आत शिरलो तेवा खंय होतंस, मेल्या?" असं ओरडून तिनं कोयता घातला. दगडाचा कपचा उडाला. मी आवरायला गेलो, तर माझ्यावरच उगारला. त्या वर्षी राखणदार उपाशी राहिला.

मग सलाइनमधून नवं औषध सुरू झालं, निजलेल्या पेशींना जागं करणारं. जाग्या झाल्या त्या गाठीवर तुटूनच पडल्या. गाठ निम्मी झाली! आम्ही पेढे वाटले. पण पेशी थांबेनात. चांगलं फुप्फुसही फाडायला लागल्या. त्यांना आवरायची औषधं दिली, तीही हरली.

ऑक्सिजनच्या मास्कखाली धापा टाकत काकी चक्क हसली. "माझेच मां ते! आधी हाणतत, मग नाव इचारतत."

थोड्या वेळानं माझा हात घट्ट धरून म्हणाली, "राखणदाराक रोट दी रे. उगाच मारलंय त्याका." कुणाला मारल्याचं तिला वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच आठवड्यात ती गेली.

सुतक फिटल्यावर मी बांधावर गेलो. दगडावरच्या घावावरून हात फिरवला आणि माझंच डोकं फिरलं. "खंय होतंस, मेल्या?" म्हणून मीही बोंबललो. पण रोट आधी ठेवला, शिव्या मग घातल्या.