टेम्पोचा विमा होता, मालूचा नव्हता

टेम्पोचा विमा मी एकदाही चुकवला नाही. स्वतःचा आणि मुलाचा आरोग्य विमाही काढला. बायकोचा काढला नाही. एजंटाने तिचं नाव विचारलं तेव्हा रामनगरच्या आमच्या घरी ओळखीची चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "टेम्पोला नाक्यावर अडवतात. बायकोला कोण अडवतंय?" सगळे हसले. मालू आत चहा करत होती.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर तिचे रिपोर्ट वाचत होते, तेव्हा मला ते हसणं ऐकू येत होतं.

मालू बसल्या जागी डुलक्या घ्यायची. झोपेत घोरता घोरता एकदम गप्प व्हायची, मग दचकून उठायची. आम्ही तिची थट्टा करायचो. डॉक्टर म्हणाले, "हा स्लीप ॲप्निया आहे." म्हणजे झोपेत श्वासाची वाट बंद होऊन श्वास थांबणं. वजनामुळे साखर वाढलेली होती, हृदयावर ताण आला होता. "नुसत्या पथ्याने आता भागणार नाही. बॅरिॲट्रिक सर्जरी करावी लागेल, आणि लांबवू नका."

बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणजे वजन उतरवण्याचं ऑपरेशन. मालूचं करायचं होतं ते दुर्बिणीतून. जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी पिशवी ठेवतात.

विम्याच्या खिडकीतल्या मुलीने पॉलिसी पाहिली आणि म्हणाली, "यात पेशंटचं नावच नाही." मालू लांब बाकावर बसली होती. मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं, "कंपनी असल्या ऑपरेशनला पैसे देत नाही."

पहिल्या चुकीपेक्षा हे वाईट होतं.

एजंटाला फोन केला. आजार निघाल्यावर नवी पॉलिसी घेतली तरी या ऑपरेशनसाठी काही वर्षं थांबावं लागेल, असं तो म्हणाला. मालूच्या श्वासाला तेवढा धीर नव्हता. मी टेम्पो विकायचं ठरवलं.

"माझ्या पोटापायी गाडी इकू नका," मालू म्हणाली. "मी भात सोडते."

भात तिने आधीही सोडला होता. नाचणीवर राहिली, उपास केले. वजन थोडं उतरायचं आणि पुन्हा चढायचं.

गाडी भाजीच्या एका व्यापाऱ्याने घेतली. मी एकच अट घातली, "डायव्हर मीच राहणार." आजही मी तोच टेम्पो घेऊन गोव्याला भाजी नेतो, पगारावर. लाज वाटायची, पण भाडं मिळेल की नाही ही काळजी गेली. उरलेल्या रकमेसाठी सोसायटीचं कर्ज काढलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर दवाखान्याकडून सगळा खर्च आधी लिहून मागा: तपासण्या, ऑपरेशन, आयसीयू आणि नंतरच्या गोळ्याही. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, हे आम्हाला उशिरा कळलं. आणि आज घरी गेल्यावर पॉलिसीवर कोणाकोणाची नावं आहेत ती वाचा.

ऑपरेशन झालं. सुरुवातीला मालू चमच्याने पाणी प्यायची. डॉक्टर रोज बजावायचे, "घोट घोट. घाई नको." उलट्या झाल्या, केस गळले, ती रडली. पण साखर उतरली. हळूहळू घोरणंही कमी झालं. ती शांत श्वास घेत असायची आणि मी जागा राहून ऐकायचो.

दिग्गीहून तिची भावजय सुलू भेटायला आली. मालू वाटीभर पातळ आंबील घेऊन बसली होती.

"अक्का, अर्धी कुठं ठेवून आलीस गं?" सुलू म्हणाली.

"टेम्पोत घालून इकली," मालू हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "जाड्या बाईला पैसे न्हाईत म्हणाली बघ कंपनी. माझ्या खाण्यापायी ह्यांची गाडी गेली."

मी दारातच थांबलो होतो. इतके महिने ती हे मनात घेऊन जगत होती, आणि ते मीच तिला दिलं होतं. मी आत गेलो. सुलू उठायला लागली, तिला बसायला सांगितलं.

"मालू, कंपनी तसं काय म्हणाली न्हाई. पॉलिसीत तुझं नावच मी घातलं न्हवतं. दवाखान्यात तुझ्याशी खोटं बोललो."

तिने वाटी खाली ठेवली.

"गाडी माझ्यापायी गेली, तुझ्या खाण्यापायी न्हाई. चार माणसांत तुला हसलो, ते बी चुकलं. मला माफ कर."