पीक चांगलं आलंय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आधी एक ठासून सांगते: माझ्या कामात खोट नाही. जालन्यातल्या आमच्या लॅबमध्ये रक्त-लघवीतली अमिनो आम्लं मोजायचं मशीन आलं, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांत आधी मी आत्मसात केलं. पडद्यावर रेघ सरकत जाते, एकेका आम्लापाशी उंच उठते. त्या उंचवट्याला आम्ही 'पीक' म्हणतो. तो जितका मोठा, तितकं ते आम्ल जास्त. आकडा सॉफ्टवेअर देतं. पण रेघ बरोबर धरलीय का, हे बघणारी नजर लागते. ती माझ्याकडे होती. आजही आहे.

मग चुकलं कुठे?

जाफराबादकडचा सुदाम नावाचा शेतकरी बायकोसोबत तान्ह्या मुलीचं रक्त द्यायला आला होता. डॉक्टरांना एका आम्लाचा संशय होता — शरीरात ते मोडलं नाही तर साठत जातं आणि मेंदूची वाट लावतं. वेळेत कळलं, तर खास दुधावर मूल ठणठणीत वाढतं. वेळेत — बस, एवढंच.

रेघ उठली. काय सुरेख उठली! कितीतरी दिवस पडद्यावर नुसती गिचमिड येत होती, सेटिंग बदलून बदलून मी वैतागले होते. "पीक काय चांगलं आलंय!" मी आनंदानं ओरडले. दाराशी सुदाम उभा होता.

"आमच्या लेकीचंच ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं — पडद्यावरची नजर न काढता.

"पीक चांगलं आलं म्हंता, मंग काही फिकीर न्हाई."

मी ऐकलं होतं का? ऐकलं होतं. त्याला काय वाटलं, तेही कळलं होतं. प्रिंट काढते आणि सांगते, असं मनाशी म्हणत राहिले. बाहेर आले तर ते दोघं एसटीसाठी निघून गेले होते.

रिपोर्ट पाहताच डॉक्टरांनी फोन लावला. दिलेला नंबर लागेना. "येतील की रिपोर्ट न्यायला," ते म्हणाले. येणार नाहीत, हे एकट्या मला माहीत होतं. तेव्हाच बोलले असते, तर गावात माणूस धाडता आला असता. पण लॅबमधली सगळ्यांत हुशार बाई, आणि असं बोलून बसली? हसं झालं असतं माझं. मी गप्प बसले.

मुलगी पुन्हा आली, तेव्हा मान धरायचं वय कधीच उलटलं होतं. मान लटकत होती. डॉक्टर सुदामवर कडाडले. तो म्हणाला, "मॅडमच बोलल्या, पीक चांगलं आलंय. म्हून बिनघोर गेल्तो मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असं काही बोलले नाही," मी म्हणाले. अगदी ठाम. माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.

मुलगी आता मोठी झालीय, पण बोलत नाही. तपासणीला सुदाम तिला उचलून आणतो. तुमच्या कानांनी लेकीचा घात केला, असं बायको त्याला सगळ्यांदेखत ऐकवते. आता त्यालाही ते पटलंय. परवा मलाच म्हणाला, "माझ्याच ऐकण्यात चुकी झाली, मॅडम."

मी मान डोलावली, आणि मुलीचं रक्त घेतलं.

त्याच्या ऐकण्यात काहीच चूक झाली नव्हती. मी तेच म्हणाले होते.