आत्याच्या अस्वलाची पाठ

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस अस्वलाची गोष्ट सांगाले लागला का ऐकणारे आधीच सरसावून बसतात. आता मोहाचं झाड येईन, झुंजुमुंजू होईन, कोण्या गुराख्याचा कान फाटन आणि शेवटी कुऱ्हाड निघन. तुम्हीही तसेच बसले असान तं जरा सैल व्हा. माह्या गोष्टीतल्या अस्वलाच्या पोटात भुसा होता, डोळ्याच्या जागी बुटाची काळी बटनं होती, आणि ते आमच्या घरी काचेच्या कपाटात मांडी पसरून बसे. त्यानं कोणाचा कान फाडला नाही. पण जंगलातलं खरं अस्वल आडवं आलं असतं तरी मी एवढा हबकलो नसतो, जेवढा त्या भुशाच्या अस्वलापायी हबकलो.

आम्ही खामगावले राहत होतो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माही आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं लग्न केलं नाही, आमच्याच घरी पुढच्या खोलीत राहे, आणि त्या खोलीत तिचं काचेचं कपाट होतं. तिले जुन्या कापडी अस्वलायचा नाद होता. ती त्याले टेडी बेअर म्हणे, गल्ली त्याले ‘बाईची अस्वलं’ म्हणे.

कापसाच्या कंपन्यायचे साहेब लोक बंगले खाली करून गेले, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरातले गोरे-निमगोरे सामान फुंकून गेले. त्यायच्या पोरायची अस्वलं मंग भंगारात येत. कोणाचा हात उसवलेला, कोणाचं नाक उंदरानं खाल्लेलं. आत्या तीच उचलून आणे, साबणाच्या फेसानं पुसे, टाके घाले आणि कपाटात बसवे. नवं चकचकीत अस्वल कोणी फुकट दिलं तरी तिनं घेतलं नसतं.

“नव्याच्या अंगात काय असते? कापूस,” ती म्हणे. “जुन्याच्या अंगात लाकडाचा भुसा असते. मान फिरते, हात गुडघ्याले लागतात, अन् पाठीवर कुबड असते. कुबड नसलं तं समजाचं, कालचं पोट्टं हाय.”

गल्लीतल्या बाया तोंडाले पदर लावून म्हणत, “लेकरू ना बाळ, खेळू द्या बाहुल्या.” आत्याले ते ऐकू ये. मंग ती कपाटाची काच जास्त जोरात पुसे.

कपाटात सगळ्यात जुनं होतं ते सोनेरी अस्वल. एका साहेबाच्या पोराचा टायफाइड आत्यानं रात्रंदिवस बसून काढला होता, तवा जाताना मडमेनं ते तिले दिलं. त्याचं पोट खाली करून आडवं केलं का म्हणे ते पहिले गुरगुरे. आतलं यंत्र बिघडलं आणि ते मुकं झालं. त्याच्या अंगात लाल मखमलीचं जाकीट होतं. ते माह्या मायनं शिवलेलं. हे मोठं नवल होतं, कारण माय बाकीच्या अस्वलायले ‘भुशाची मढी’ म्हणे आणि कपाटाले झाडूही लावे नाही. आत्या मात्र त्या जाकिटावर खूश, ते कधी उतरवे नाही, वरूनच पुसे. “वयनी बोलते कडू,” ती म्हणे, “पण माह्या सोन्याले कपडे तिनंच केले.”

आता माहं सांगतो. मी तवा मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि नकला करत होतो. हेडमास्तरची, टांगेवाल्याची, टांगेवाल्याच्या घोड्याची. पण सगळ्यात रंगे ती अस्वलवाल्याची. सुगी झाली का तो खरं अस्वल घेऊन गल्लीत ये. पोरगं भेलं असलं, झोपेत दचकत असलं, तं त्याले अस्वलाच्या पाठीवर बसवत, नाही तं अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधत. मी घोंगडी पांघरून दोन्ही व्हये, अस्वल बी आणि अस्वलवाला बी, आणि तागाच्या बोऱ्याचे धागे तोडून ‘केस घ्या, केस’ म्हणत वाटत फिरे.

माह्या स्वतःच्या गळ्यात तांब्याचा ताईत होता, रांगत होतो तवापासून. मेणानं बंद केलेला. “आतमध्ये खऱ्या अस्वलाचा केस हाय बे,” मी पोरायले सांगे, “म्हणून मले भेव ठाऊकच नाही.” मसणातून एकटा जाऊन ये मी, त्या ताईताच्या भरवशावर.

तं झालं असं. स्टेशनाकडच्या मोठ्या बंगल्यात एक बाई राहत. कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरच्या, मूळच्या मुंबईच्या, आता एकट्या. त्यायच्याकडं बोटीनं आलेली अस्वलं होती, आत्याच्या अस्वलायची जशी काही मोठी घरची भावकी. बाई आता मुंबईले लेकाकडं चालल्या होत्या आणि तिथल्या घरात अस्वलायले जागा नव्हती. दवाखान्यात आल्या तवा आत्याले म्हणाल्या, “तुमच्याकडे देईन. पण आधी तुमची पाहीन. नीट ठेवलेली दिसली, तरच.”

आत्या त्या दिवशी घरी आली ती जमिनीवर नव्हतीच. डांबराच्या गोळ्या आणल्या, कपाट उन्हात काढलं, एकेकाचे कान ब्रशनं विंचरले. मायले म्हणाली, “वयनी, गल्लीनं हसाले हसलं. आता कोणी जाणतं माणूस माह्या दारी येऊन राह्यलं.” अन् माह्याकडं वळून बोट उगारलं, “तू तोंड उघडू नोको. नक्कल नाही, मस्करी नाही. कबूल?”

“कबूल,” मी हेडमास्तरच्या आवाजात म्हणालो. तिनं टपली मारली.

रविवारी दुपारी बंगल्यातल्या बाई टांग्यातून उतरल्या. दारात सारी गल्ली, बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या. बाईंनी चष्मा बदलला, एकेक अस्वल उचललं, बोटानं पोट दाबून पाहिलं, पायाचे तळवे पाहिले. मंग बाईंनी सोनेरी अस्वल घेतलं आणि अलगद आडवं केलं. मुकंच ते. पण माह्या नरड्यातून आपोआप निघालं, “गुर्रर्र.”

बाई दचकल्या. मंग माह्याकडं पाहून खळखळून हसल्या. “वा! याचं यंत्र तुम्ही बाहेर ठेवलंय वाटतं!”

आत्यानं डोळे वटारले, पण तीही हसली. एवढं बरं चाललं होतं.

“आता याची पाठ दाखवा,” बाई म्हणाल्या. “कुबड पाहू द्या. जाकीट काढा.”

माय तवाच चहाच्या कपबशा घेऊन आली होती. तिच्या हातातल्या बशा वाजाले लागल्या. “राहू द्या ना जाकीट,” ती घाईनं म्हणाली. “कायले उघडं करता त्याले? थंडी हाय.”

मले वाटलं, माय मस्करी करून राह्यली. पहिल्या डावच अस्वलायबद्दल दोन शब्द गोड बोलली. आत्यानं हसत हसत जाकिटाचे बंद सोडले.

अस्वलाले पुढून सोन्यासारखे केस आणि पाठ साफ टकली. मानेपासून बुडापर्यंत नुसतं विटकं कापड, त्याची वीण उघडी पडलेली. कुबड होतं, पण न्हाव्यानं भादरल्यासारखं गुळगुळीत. आत्यानं तोंडावर हात ठेवला. मी तं जागचा हाललोच नाही. मेलेलं माणूस पाहिलं होतं मी, पण असं काही पाहिलं नव्हतं.

बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं.

“कसर लागली, किड्यांनी केस खाल्ले,” त्या म्हणाल्या. “जाकिटाच्या आत हवा नाही ना, तिथंच लागते. माझ्याही एकाचा कान गेलाय. जपून ठेवलं तरी होतं असं. बाकीची छान आहेत. उद्या सकाळी टांग्यातून पाठवते माझी.”

झालं होतं काम. तिथंच संपलं असतं. पण आत्यानं माह्याकडं रोखून पाहिलं. जवळ येऊन कानात म्हणाली, “कसर नाही हे. कात्री हाय. तूच ना बे? अस्वलवाला बनून केस वाटते. माह्या सोन्याचे वाटले तू.”

आजवर ज्या खोड्या केल्या त्यायचे फटके मी हसत खाल्ले. पण हे मी केलंच नव्हतं! माहा आवाज मोठा, हळू बोलाची सवय नाही. “मी नाही कापले वो! ते बोऱ्याचे धागे असतात! ह्या ताईताची शपथ!”

“ताईताची शपथ खाऊ नोको!” माय एवढ्या जोरात ओरडली का एक बशी खाली पडून फुटली.

“काऊन नोको? खऱ्या अस्वलाचा केस हाय त्याच्यात. तळहातावर घेऊन शपथ खातो. खोटं असन तं उभा जळीन!” आणि माय धावत येवोस्तर मी मेण दातानं फोडून ताईत हातावर झटकला.

काळा कुट्ट केस निघाले पायजे होता. माह्या तळहातावर मखमलीसारखा मऊ झुपका पडला. सोनेरी.

बाईंनी चष्मा सावरला, तो झुपका चिमटीत धरला आणि अस्वलाच्या छातीले लावून पाहिला. कुठं झुपका संपतो आणि कुठं अस्वल सुरू होते, कळेना.

माय मटकन खाली बसली. “तुम्ही ड्यूटीवर होत्या, बाई,” ती आत्याले म्हणाली. “हा रांगत होता. अस्वलवाल्यानं याले पाठीवर बसवलं, अन् त्या जनावरानं मान वळवून याच्याकडं पाह्यलं. हा असा भेला का दूध तोडलं. अंग तव्यासारखं. माहे डोये कपाटाकडंच. अस्वलवाला जानेफळकडं निघून गेलता, केस कुठून आणू? मंग म्हटलं, हे बी अस्वलच हाय. अस्वल ते अस्वल.”

“अवो वयनी,” आत्याचा आवाज फाटला, “ते शेळीचे केस असतात! विलायती शेळीचे!”

“असतीन. पोरगं उठलं का नाही?”

शेळी! एवढी वर्षं मी मसणातून छाती काढून हिंडलो, ते बकरीच्या भरवशावर!

“पण एका ताईताला एवढी पाठ?” बंगल्यातल्या बाईंनी विचारलं. त्या आता हसत नव्हत्या. “बाकीचे केस कुठे गेले?”

मायनं मान खाली घातली. अन् तवा मी दाराकडं पाहिलं. दारात जेवढ्या बाया होत्या, तेवढ्यायचे हात गपकन आपापल्या लेकरायच्या गळ्यावर गेले. कोणी पदर ओढला, कोणी ताईत मुठीत धरला. जी आत्याच्या बाहुल्यायले सगळ्यात जास्त हसली होती, तिच्या तं दोन्ही हाताच्या मुठी गच्च. सारी गल्ली आत्याचं अस्वल गळ्यात घालून हिंडून राह्यली होती, आणि आत्या त्याच गल्लीत काच पुसत बसली होती.

बाईंनी सोनेरी अस्वल कपाटात ठेवलं, तोंड आमच्याकडं करून, पाठ भिंतीकडं, अन् झुपका त्याच्या मांडीवर. पर्स उचलली. “माफ करा,” आत्याले म्हणाल्या. “कसर असती तर मी समजले असते. पण या गल्लीत माझी अस्वलं पाठवली तर पावसाळ्याच्या आत टकली होतील. नाही देता येणार.” चहाचा कप तसाच राहिला. टांगा गेला, चाकाचा आवाज गेला, बाया एकेक करून सटकल्या.

मंग दार लागलं आणि मी दोघींच्या मधात सापडलो. जन्मभर ज्यायचं एका गोष्टीवर जमलं नाही, त्या त्या दिवशी एका बाजूनं झाल्या.

“बंद ताईत खोलते का बे कोणी?” मायनं सुरू केलं. “आता रातचा दचकला तं मले हाक मारू नोको! शपथा खाते मोठा! मायची अब्रू गल्लीत काढली! अन् दातानं फोडला, मेल्या, तांबं गिळलं असतं म्हणजे?”

ताईत आणि गंड्यादोऱ्यायले दवाखान्यात हसणारी माही आत्या. तिनं बाईंनी ठेवलेला तो झुपका उचलला, बोटानं दाबून ताईतात परत भरला, मेणबत्ती पेटवून मेण टिपकवलं आणि गरम गरमच माह्या गळ्यात बांधला. गाठ मारताना तिचे डोळे भरलेले होते. गाठ अशी आवळली का माहा श्वास अडकला.

“कसर म्हणाली ना ती? मंग कसर राहू द्याची होती ना! मी कानात बोलली, तू बी कानात बोलाचं होतं. उद्या सकाळी टांगा आला असता माह्या दारी, भरून आला असता! रोज उठून थापा मारते, अन् खरं बोलाले तुले आजचाच दिवस सापडला? साऱ्या गावाच्या नकला करते, हेडमास्तरची करते, घोड्याची करते. आज घटकाभर ह्या कपाटातल्या मुक्या अस्वलाची केली असती, तं तुहं काय जात होतं बे?”