गाडी माझ्या नावावर, मिरच्या माहेरच्या

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकतात, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी डाळीच्या डब्यामागे ठेवते, म्हणजे कोणी वाचायचा प्रश्न नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी. आमच्याकडे कोणती वस्तू कुठून बाहेर येईल याचा भरवसा नाही!

तर, आमची गाडी माझ्या नावावर आहे आणि मला सायकलसुद्धा चालवता येत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ज्योतिष्यानं यांची पत्रिका पाहून मान हलवली. यांना स्वतःच्या नावावर वाहन लाभत नाही म्हणे. म्हणून मालकीण मी झाले. पण फक्त कागदावर! तोंडानं हे पंधरा वर्षं "माझी गाडी"च म्हणतात. माझ्या गाडीचं ॲव्हरेज, माझ्या गाडीचा हॉर्न, माझ्या गाडीले टेकू नको गा. मी मागच्या सीटवर बसते, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. उन्हाळ्यात नागपुरात सगळ्याच बायका असा गुंडाळतात. मला तर चारचौघांत बोलताच येत नाही, म्हणून स्कार्फ फार सोयीचा. (थंडीतही गुंडाळावासा वाटतो, पण लोक विचारतात.)

हे पतसंस्थेत कारकून. कामाला स्कूटरनं जातात. गाडी निघते ती रविवारी, नाहीतर रामटेकजवळ माझ्या माहेरी जायचं असलं तर. महाल भागातल्या आमच्या गल्लीत ती शिरत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर, भर उन्हात उभी असते.

तिथंच माझी बुद्धी फिरली.

मी उन्हाळ्यात वाळवणं करून विकते. सांडगे, कुरड्या, शेवया, तिखट. यंदा आमच्या भिंतीला लागून नवीन इमारत चढायला लागली. गच्चीवर कुरड्या घातल्या की तासाभरात त्यांच्यावर सिमेंटचा थर! तळायच्या ऐवजी भिंतीला लावाव्या अशा झाल्या. एका दुपारी भाजी घेऊन येताना सहज गाडीला हात लागला आणि चटका बसला. मी थांबले. काचा बंद. आत धूळ नाही, कावळा नाही, शेजारणीची नजर नाही. नुसती भट्टी! आणि गाडी कोणाच्या नावावर? मग विचारायचं कोणाला?

पहिल्या दिवशी मागच्या सीटवर सांडगे घातले. संध्याकाळी दगडासारखे कडक. दुसऱ्या दिवशी समोरच्या काचेखाली शेवया. हे घरी येतात सहाला, मी साडेपाचला सगळं गोळा करून, सीट झटकून, किल्ली खिळ्याला लावून मोकळी. रविवारी हे गाडीत बसले आणि नाक वर केलं.

"अवं, हा कशाचा वास येऊन राहिला?"

"उन्हाचा," मी म्हटलं.

पटलं त्यांना! त्यामुळं माझी हिंमत वाढली. यांना तेव्हाच शंका आली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. (म्हणजे चूक थोडी यांचीही आहे.)

एप्रिल लागताच गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरा वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते. गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, साहेबांनी पास केली तर पाच वर्षं आणखी चालवायची. नापास झाली तर भंगार. हा शब्द हे उच्चारत नव्हते. "ते दुसरं झालं तर," असं हळू आवाजात म्हणायचे, घरात कोणी आजारी असल्यासारखं. रात्री दोनदा उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाडी बघून यायचे.

दोन गल्ल्या सोडून बबलू मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं आठ दिवस गाडी ठेवून घेतली. ब्रेक केले, लाइट केले, तीन वर्षं मेलेला एसी दुरुस्त करून त्यात गॅस भरला. शेवटी समोरच्या बंपरला लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या. त्याच्या हातून निघालेल्या प्रत्येक गाडीला तो हे बांधतो, फुकट. बिल झालं नऊ हजार. यांनी सात हजार दोनशे दिले आणि अठराशे गाडी पास झाल्यावर द्यायचे ठरले.

गाडी शनिवारी घरी आली. आरटीओत जायचं होतं शुक्रवारी. आणि सोमवारी माझ्या भावानं शेतातल्या लाल मिरच्या पाठवल्या. पाच किलो!

मी खूप विचार केला. सकाळी दहापासून साडेदहापर्यंत केला. मग जुनं लुगडं समोरच्या काचेखाली पसरलं, कारण तिथं ऊन सगळ्यात कडक, आणि त्यावर मिरच्या रचल्या. संध्याकाळी यांच्या आधी उचलायच्या, सकाळी पुन्हा रचायच्या; तीन दिवसांत अशा वाळल्या की हातात घेताच मोडायच्या. बुधवारी सगळ्या काढल्या, लुगडं झटकलं (गाडीच्या आतच झटकलं, हे आता लिहिताना कळतंय), सीट पुसली. काडीभर कचरा राहिला नाही असं मला वाटलं. काचेखाली हवा यायला बारीक फटी असतात, तिकडं माझं लक्षच नव्हतं. चौथीपर्यंत त्या शिकवत नाहीत.

शुक्रवारी आरटीओत मालकिणीला जाणं भाग होतं. मी स्कार्फ गुंडाळून मागे. आग ओतणारं ऊन, तरी यांनी वाटेत एसी लावला नाही. तो साहेबांसाठी राखून ठेवला होता!

साहेब चांगला माणूस होता. वाकून चेसिस नंबर पाहिला, हॉर्न वाजवला, लाइट, वायपर, ब्रेक, सगळं पाहिलं. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. फक्त सही राहिली होती. तेवढ्यात यांच्या अंगात आदरातिथ्य शिरलं.

"साहेब, उन्हात कायले उभे राहता? आत बसून आरामात सही करा. माझ्या गाडीचा एसी नवाकोरा केला."

साहेब समोरच्या सीटवर बसले. मांडीवर कागद, हातात पेन. यांनी काचा वर केल्या, एसीचा खटका चारवर नेला आणि साहेबांकडं पाहून हसले.

आधी फुर्र असा आवाज आला. मग फटींतून लालसर धुरळा निघाला आणि साहेबांच्या तोंडावर जाऊन बसला.

साहेबांनी सही केली खरी, पण ती सही नव्हती, ठसका होता! पेन कागदावरून थेट यांच्या पँटवर गेलं. दोघं एकाच वेळी शिंकले, एकाच वेळी दार शोधू लागले. दारं उघडली तसा धुरळा बाहेरच्या रांगेवर गेला. "गॅस! गॅस फुटला!" कोणीतरी ओरडलं. रांग पळाली. चहावाला किटली घेऊन पळाला. नवी मोपेड दाखवायला आलेल्या एक काकू मोपेड सोडून पळाल्या. सगळं आवार डोळे पुसून राहिलं होतं, नाक शिंकरून राहिलं होतं. मी एकटीच गाडीत शांत बसले होते. स्कार्फ होता ना!

साहेबांनी लाल डोळ्यांनी विचारलं, "गाडी कोणाची आहे?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा यांचं बोट माझ्याकडं वळलं. "हिची, साहेब! कागद पाहा ना!"

साहेब खिडकीशी आले. "बाई, सगळे रडून राहिले. तुम्हाले काहून काहीच होऊन नाही राहिलं?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

तेवढ्यात साहेबांना खिशावर एक पिवळं बी सापडलं. त्यांनी ते चिमटीत धरून यांच्यासमोर नेलं. यांनी बियाकडं पाहिलं, मग बंपरवरच्या लिंबू-मिरचीकडं पाहिलं आणि आकाशाकडं तोंड करून ओरडले, "बबल्या!"

साहेबांनी नापास केलं नाही. "साफ करून सोमवारी आणा," म्हणाले. "पण सोमवारी मले एक जरी शिंक आली, तर गाडी इथूनच भंगारात."

यांनी गाडी सरळ गॅरेजला नेली. "एसीत मिरची कायले टाकली बे?"

"मैं कायको डालूंगा भाऊ?" बबलू म्हणाला. "मेरी निंबू-मिरची तो बाहर है. गिन लो, पूरी सात है!"

यांनी मोजल्या. हे कारकून, तीनदा मोजल्या. सहा! सातवी कुठं गळून पडली देव जाणे. या सगळ्या प्रकरणात तेवढी एकच मिरची निर्दोष होती.

"पाहून घे! सातवी आत गेली."

"भाऊ, एक मिरची में पूरा आरटीओ रोया क्या?"

"मिरची तिखट असन!"

मी मागे बसून ऐकत होते. तोंड उघडायचं ठरवलं की जीभ टाळूला चिकटायची. हे रागारागानं पानठेल्यावर गेले. बबलूनं डॅशबोर्ड खोलला, आतला पंखा काढला आणि खाली वर्तमानपत्र धरलं. ओंजळभर बिया पडल्या. मग देठ. मग शेवयांचे तुकडे. त्यानं त्या ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चपलेकडं पाहिलं. त्यानं वर्तमानपत्राची नीट पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"भाभी, ये आपका."

एवढंच! हे परत आले तेव्हा तो म्हणाला, "साफ हो गया भाऊ." पुडी माझ्या पिशवीत होती आणि शब्द घशात. हे म्हणाले, "तुह्ये अठराशे कटले. नुकसानभरपाई." बबलू फडक्याला हात पुसायला लागला. मी पिशवी घट्ट धरली.

सोमवारी गाडी पास झाली. साहेबांनी सही उन्हात उभं राहून केली. "एसी लावू का?" असं यांनी विचारलंसुद्धा!

आता सगळं मिटायला हवं होतं. पण यांना गोष्ट सापडली होती. पतसंस्थेत, लग्नात, न्हाव्याकडं, जिथं तिथं बबलूची मिरची. ऐकणारे हसायचे आणि आपली गाडी दुसरीकडं न्यायचे. दोन आठवड्यांनी मी गॅरेजवरून गेले तर आत एकच स्कूटर, तीही बबलूची. मला रात्री जेवण गेलं नाही. (तिखट त्याच मिरचीचं होतं, छान झालं होतं. तरी गेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वाळवणाच्या पैशांतले तीनशे रुपये घेऊन गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवले. त्यानं नको म्हटलं. मी तिथंच उभी राहिले. शेवटी घेतले आणि म्हणाला, "भाभी, पैसे का क्या है. भाऊ को एक बार बोल दो ना. धंदे का नाम खराब हो रहा."

मी मान हलवली. पुढच्या बुधवारीही तीनशे दिले आणि मान हलवली. असे पाच बुधवार. रोज संध्याकाळी मी सांगायचं ठरवायचे आणि रोज वाढायच्या वेळी "भात देऊ का?" एवढंच निघायचं.

सहाव्या बुधवारी दुपारी शेवटचे तीनशे मुठीत धरून गेले तर गॅरेजच्या दारात आमचीच गाडी! रविवारी हॉर्न अडकला म्हणून हे पतसंस्थेतून मधेच येऊन, आपल्या खिशातल्या दुसऱ्या किल्लीनं, गाडी घेऊन आले होते, घरी न सांगता. यांच्या गाडीचं दुखणं शेवटी बबलूलाच कळतं. बाजूला एक गृहस्थ आपली गाडी कामाला टाकावी की नाही अशा विचारात उभे, आणि हे त्यांना रंगवून सांगत होते, "अहो, काम चांगलं करते पोरगा, पण मिरचीपासून सांभाळा! आमच्या एसीत..."

बबलू खाली मान घालून पाना फिरवत होता.

मी स्कार्फ खाली ओढला. तोंड उघडल्यावर निघालेला आवाज माझाच, पण मला ओळखू येईना.

"ती मिरची माझी होती."

"कोणती वं?"

"एसीतली."

"एक मिरची तुही कशी असन?"

"एक नाही. पाच किलो."

बबलूच्या हातातला पाना थांबला. गृहस्थ पुढं सरकले.

"पाच किलो?" हे म्हणाले. "माझ्या गाडीत?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या."

यांचं तोंड उघडं राहिलं. मग आतून काहीतरी वर आलं आणि मला वाटलं, आता ओरडतात. पण हे हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, तोच, आरटीओतला! डोळे पुसत बबलूच्या पाठीवर थाप मारली. "बबल्या, तुनं सांगितलं काहून नाही बे?"

"घर की बात थी भाऊ."

यांनी बबलूच्या हातातला पाना घेऊन बाजूला ठेवला. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "बिनधास्त टाका गाडी. असा मिस्त्री नागपुरात नाही." गृहस्थांनी किल्ली दिली. मी मूठ उघडून शेवटचे तीनशे टेबलावर ठेवले. बबलूनं जुनं बिल शोधून काढलं, मागच्या बाजूला "१८०० पूरे मिले" असं लिहिलं आणि कागद यांच्याकडं न देता माझ्या हातात दिला.

"चल वं," हे म्हणाले. "बस माझ्या गाडीत."

मी ताठ मानेनं मागचं दार उघडलं, कोणाकडं न बघता आत शिरले आणि मालकिणीसारखी ऐसपैस बसले. तेव्हा आठवलं, सकाळी सीटवर कुरड्या घातल्या होत्या. चांगल्या वाळल्या होत्या. आवाजावरून कळलं.

यांनी मागं वळून विचारलं, "काय वाजलं वं?"

"तुमची गाडी," मी म्हटलं.