जाईबाईंनी नाकारलेला रस्ता

जाईबाईंच्या घरी जायला रस्ता नाही, पाखाडी आहे. मालगुंडच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ही वाट टेकडी चढते. अर्ध्यावर बौद्धवाडी लागते आणि वाडीच्या वर मोकळा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार आहे. मी खालच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा त्यांचा मुलगा महेंद्र ही पाखाडी उतरून वर्गात यायचा, तो नेहमी पळतच. चालताना मी त्याला पाहिल्याचं आठवत नाही.

पुढे तो मुंबईला रंगकामाला लागला. एका इमारतीच्या परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. आता तो भांडुपच्या खोलीत बसून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. त्याची बायको मनाली पाळणाघरात कामाला जाते. वडील वारले तेव्हा तो आला होता. वाडीतल्या चौघांनी त्याला खुर्चीत बसवून वर नेलं. त्यांनी ते मायेनेच केलं, पण सगळ्या वाटेत त्याने मान वर केली नाही. जाताना आईला म्हणाला, असा उचलून मी पुन्हा यायचा नाही. त्यानंतर तो आलाच नाही.

म्हणून सड्यावर बंगल्यांची वसाहत होणार अशी बातमी आली, तेव्हा वाडीत सगळ्यांत जास्त आनंद झाला तो जाईबाईंना. त्या जमिनीला कुठूनच रस्ता लागत नव्हता. तो काढायचा तर वाडीतून, आणि वाडीत गाडी वळेल अशी जागा एकच, जाईबाईंच्या घरामागचं परडं. बिल्डरचा माणूस सुहास मोठा सज्जन मुलगा. चपला बाहेर काढून घरात बसला, कोरा चहा प्यायला आणि म्हणाला, रस्ता तुम्हालाही वापरता येईल, रिक्षा दारापर्यंत येईल.

विहारात बैठक झाली. वाडीला काळजी पाण्याची होती. तिथली विहीर धर्मांतरानंतर वाडीने स्वतः खोदली आहे, घरटी पाळी लावून, जांभा फोडून. त्या काळी गावच्या विहिरीवर यांना कोणी उभं करत नव्हतं. तेव्हा आपल्या विहिरीत बाहेरच्याचा पंप पडू द्यायचा नाही, या एकाच गोष्टीवर सगळे अडून बसले.

वाडीतले म्हातारे जानूआप्पा यांनी सुहासला विचारलं, "बंगलेवाले वर्षातून राहणार किती?"

"सुट्टीला येतील. आठ-दहा दिवस."

"आनि न्हाणीघरं?"

"बंगल्याला तीन."

"म्हंजे ऱ्हानार आठ दिवस, नि आंघोळी वर्षाच्या करनार."

सगळे हसले, सुहासही हसला. मग त्याने शब्द दिला की तुमच्या विहिरीतला थेंबही घेणार नाही, आमच्या जागेत आम्ही बोअर मारू. वाडीचं समाधान झालं. विहिरीला कोणी हात लावू नये एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि तेवढं मिळालं. सड्याच्या पोटातलं पाणीच झिरपत विहिरीत येतं, हे त्या दिवशी कोणाच्या मनात आलं नाही.

जाईबाईंनी परडं द्यायचं कबूल केलं. दस्त व्हायचा होता, पण त्या थांबल्या नाहीत. दारच्या पायऱ्या फोडून त्यांनी सिमेंटचा उतार करून घेतला, महेंद्रची चाकाची खुर्ची चढेल असा. रोज फोनवर त्याला त्याचंच सांगत.

एप्रिलमध्ये बिल्डरच्या माणसांनी यंत्राचे सुटे भाग पाखाडीने वर नेऊन सड्यावर बोअर मारली आणि वसाहतीला पाणी पुरेल हे दाखवण्यासाठी तिच्यावर पंप लावून काही दिवस सारखा उपसा केला. जयंतीच्या जेवणासाठी शेजारची करुणा पाणी भरायला गेली, तर पोहरा खडकावर आपटला. त्या वर्षीचं जेवण टँकरच्या पाण्यावर झालं. पंप थांबला आणि आठवड्याभरात विहीर पुन्हा भरली. मग कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता सगळं परड्यावर येऊन थांबलं होतं. परडं नाही तर रस्ता नाही, रस्ता नाही तर बंगले नाहीत. पण जाईबाईंना तसं कोणी म्हणेना. दारचा उतार कशासाठी आहे हे वाडीला माहीत होतं. करुणा दोनदा त्यांच्या दारात आली आणि कोकमं वाळली का, एवढं विचारून गेली.

विहारात पुन्हा बैठक ठरली, तिच्या आदल्या दिवशी जाईबाई माझ्याकडे आल्या. महेंद्रला विहिरीचं सांगितलं, म्हणाल्या. तो म्हणाला, तुला वाटेल तसं कर, मी इथं बरा आहे.

"बरा हाय म्हनाला. खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज बारीक होतो. तुमच्या वर्गात पन व्हायचा का ओ, गुरुजी?"

व्हायचा, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सुहासने सांगितलं, विहीर आटली तर वाडीला नळ देऊ, तोवर टँकर देऊ. तो मनापासूनच सांगत होता. त्याचं झाल्यावर जाईबाई उठल्या.

"सुहासभाऊ, परडं मी देत नाय. तुमच्यावर राग नाय. माजा पोरगा दारात आला असता, पन त्याला तांब्याभर पानी द्यायला मी कुनाच्या दारात गेली असती?"

आणखी थोडा विचार करा, असं सुहास हळूच म्हणाला.

"विचार झाला. जास्त केला तर हो म्हनीन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जानूआप्पा खाली बघत बसले होते. वसाहत पुढे दुसरीकडे गेली. वाडीसाठी रस्ता मिळावा म्हणून ग्रामपंचायतीकडे पुन्हा मागणी केली आहे. ती मागणी माझ्या नोकरीच्या काळापासून चालू आहे.

मे संपता संपता जाईबाई मला एसटीच्या थांब्यावर भेटल्या. घर करुणाच्या हवाली करून त्या भांडुपला निघाल्या होत्या. या आधीही जात असत, पण आठ दिवसांत परत येत. त्या एका खोलीत त्यांना झोप लागत नाही. या वेळी सामान जास्त होतं. परत कधी येणार, असं मी विचारलं.

"त्याला तिकडं ठेवून हितलं पानी गोड लागत नाय ओ, गुरुजी."

एसटी आली. मी पिशव्या वर दिल्या. त्या खिडकीशी बसल्या, पण टेकडीकडे पाहत नव्हत्या. शेजारच्या बाईला विचारत होत्या, गाडी पनवेलला किती वाजता पोचते.