माझं जातं आणि ह्यांची तालीम

आमच्या घरात तालीम सुरू झाली त्याच दिवशी दळण बंद पडलं.

तालीम आमच्या ह्यांची. लढाई संपली आणि हे ब्रह्मदेशाच्या बाजूनं घरी आले. जाताना चांगले धिप्पाड होते, येताना हिवतापानं असे वाळले होते, की भाकरतुकडा ओवाळायला दारात आलेल्या आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) पोटच्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाकीचा कुटं ठिवलास रं?"

ही बातमी माझ्या माहेरी, कवठे महांकाळच्या बाजूला, कशी पोचली देव जाणे. पण एक घोंगडीवाला दारात आला आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, निरोप घडाघडा म्हणून मोकळा झाला: "आबा येत्यात अमुशा झाल्यावं. जावयाची तब्बेत बगनार. पावनं सावरलं आसतील तर बरं, न्हाईतर लेकीला घिऊन जानार. आजारी मान्साच्या घरात पोरीचं हाल व्हत्यात म्हनं."

मला मेलीला रडूच कोसळलं. नवरा लढाईवर असताना इतकी वर्षं ह्याच घरात वाट बघत काढली, आणि आता तो घरात आल्यावर मी माहेरी जाऊन बसू? आणि आबांचा शब्द म्हणजे शब्द! ऐन जवानीत कुस्ती खेळलेला माणूस. जावयाच्या दंडावर हात ठेवून बघितल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

"रडू नगंस," हे म्हणाले. "आबा येईस्तवर बॉडी फिट करतो. आर्डर हाय म्हन!"

दुसऱ्याच दिवशी हे साताऱ्याला लोहाराकडं गेले. त्यानं हात जोडले. लढाईनं सगळं लोखंड खाल्लेलं, वजनं कुठली करून देणार? हे परत आले, सोप्यात उभे राहिले आणि चौफेर नजर फिरवू लागले. पलटणीत म्हणे ह्यांना शिकवलं होतं, की हाताशी जे सापडेल त्यात भागवायचं. आणि ह्यांच्या हाताशी काय होतं? माझा संसार!

मी ओढ्यावरून धुणं घेऊन येते तो काय, अंगणात पहार आडवी, तिच्या एका टोकाला मोठ्या जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, आणि दुसऱ्या टोकाला डाळ भरडायच्या धाकट्या जात्याची! दोन्हीकडं लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या.

"आवं, हे काय केलंसा?"

"वजन."

"आनि दळू कशात?"

"पंदरा दिस पीठ उसनं आन की!"

आता मोठी तळी जड, धाकटी हलकी. पहार उचलली की हे मोठ्या तळीच्या अंगाला कलंडायचे आणि गोठ्यात जायचे. (म्हैस सुरुवातीला बिचकायची. नंतर सवयीनं बाजूला सरू लागली.) उपाय म्हणून ह्यांनी धाकट्या बाजूला माझा वरवंटा सुंभानं आवळला. आता वाटणही बंद! आत्याबाईंना चटणीशिवाय घास उतरत नाही. त्या उंबऱ्यात बसून ह्यांच्या प्रत्येक बैठकीला एक शिवी मोजू लागल्या.

उसनं पीठ तरी किती दिवस मिळणार? शेजारणी मला बघून दार लोटायला लागल्या. मग मी आपला मार्ग काढला. पहाटे उठायचं, पाचर ठोकून काढायची, तळी उतरवायची, कमरेवर घेऊन आत न्यायची, दळायचं, पुन्हा तळी बाहेर आणून पहारीत घालायची, पाचर मारायची. तेवढ्यात आत्याबाई ओरडायच्या, "डाळ भरडायची ऱ्हायली गं!" की धाकटी तळी काढा. मग वरवंटा सोडा, वाटा, धुवा, पुन्हा बांधा. आणि सगळं झाल्यावर पहार जागची हललेली दिसली तर ह्यांचा पट्टा सुरू, "कुनी हात लावला माज्या सामानाला?"

ह्यांच्या सामानाला!

एकदा तर घाईघाईत तांब्याची घागर उचलली आणि विहीर गाठली. वाटेत म्हटलं, आज घागर का बरं जड लागतेय? कालचं पाणी असेल. विहिरीवर ओणवी केली तर आतून भसाभसा वाळू! हे ती एका हातानं उचलून दंड कमावणार होते. बायका पोट धरून हसल्या. मी घरी येऊन घागर ह्यांच्यापुढं आदळली.

"आवं, निदान सांगा तरी कशाकशात वाळू भरलीया!"

"डब्यात हाय. उखळात हाय. उशीत न्हाई."

आणि एवढं करून ताकद कमावणं म्हणजे काय? सकाळी अंगाला तेल चोळायचं, आरशात बघायचं, दूध प्यायचं, पहार गुडघ्यापर्यंत उचलून खाली ठेवायची आणि दमून घोंगडीवर पडायचं. पण ह्यांच्या गालांवर थोडी थोडी तकाकी येत होती, म्हणून मी दात-ओठ खात गप्प बसले. आबांनी मला न्यायला नको, एवढंच मनात होतं.

आणि आबा अमावस्येच्या आधीच आले! सर्व्हिस मोटारीतनं उतरून सरळ अंगणात. घरात चिमूटभर पीठ नाही, पुरण घालायला भरडलेली डाळ नाही, आणि माझं सगळं स्वयंपाकघर पहारीवर!

आबांनी मिशीवरनं हात फिरवला, ह्यांचा दंड दाबला आणि "हं" केलं. ते "हं" काही खरं नव्हतं.

"ह्ये काय ओ, पावनं?" त्यांनी पहारीकडं बोट केलं.

"माजं वजन," हे छाती काढून म्हणाले.

"मग उचला की."

ह्यांनी कासोटा घट्ट केला, देवाचं नाव घेतलं आणि पहार उचलली. गुडघ्यापर्यंत आली. मांडीपर्यंत आली. तेवढ्यात सुंभ तुटलं, वरवंटा धाडकन खाली पडला, हे कलंडले आणि मटकन जमिनीवर बसले ते पहार मांडीवर घेऊनच! एका बाजूला मोठी तळी, दुसऱ्या बाजूला धाकटी, मध्ये पहारीखाली ह्यांचे दोन्ही पाय अडकलेले. लागलं काही नाही, पण निघताही येईना.

"काय झालं, पावनं?"

"काय न्हाई," हे घामाघूम होऊन म्हणाले. "जरा इसावा घेतोय."

आबा माझ्याकडं वळले. "बाय, बोचकं बांद."

इतक्यात आतनं आत्याबाई कडाडल्या, "आगं ए! पावना दारात आन् पीठ न्हाई घरात! जातं आन आदी!"

माझं डोकंच फिरलं. एकीकडं बोचकं, एकीकडं पीठ, आणि मध्ये हे विसावा घेतायत! मी पदर खोचला, पहारीला हात घातला आणि ह्यांच्या अंगावरनं ती सगळीच्या सगळी उचलून बाजूला ठेवली. वरवंट्यानं पाचर ठोकून काढली, मोठी तळी कमरेवर घेतली, वरवंटा काखेत मारला आणि तरातरा घरात गेले. पुन्हा येऊन धाकटीही नेली. रोजचंच काम, त्यात काय विचार करायचा?

जात्यात घास टाकला आणि दळायला बसले.

मग अंगणातनं आबांचा आवाज आला. "पावनं, हिला काय म्या न्हेत न्हाई. आमचा मुलूक दुस्काळी. हिला पुरंल एवडं खायाला कुटनं घालू?" आणि मग हळूच (पण मला ऐकू येईल एवढ्या हळूच), "तुमी बी जरा जपूनच ऱ्हावा."

आबा पोळ्या खाऊन खुशीत गेले. माझं माहेरी जाणं टळलं आणि मला वाटलं, आता तरी तालीम मोडेल. कसली मोडते! ह्यांनी गावभर सांगितलं, "आमच्या घरात येक पैलवान तयार झालाय. वस्ताद म्याच!"

तेव्हापासून कुणाची उसाची गाडी ओढ्यात रुतली की माणूस आमच्या दारात येतो आणि विचारतो, "वैनी हायत का घरात?" वस्ताद घोंगडीवर पडल्या पडल्या सांगतात, "हायत की! थांबा, धाडतो." आणि मी मेली खरंच पदर खोचून निघते!