विहिरीवरचा पहिला मान

ठाण्याजवळच्या कोपरीतली विहीर १९५४ साली उन्हाळ्याआधीच गाळाने भरली. प्रमोदिनी तेव्हा ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि घरी सासऱ्यांशी वाद घालत होती. निवृत्त हेडमास्तर हरिहरपंतांचा ओढा कन्फ्यूशियसकडे. रीतीभाती पाळून, एकमेकांचा मान राखूनच माणसं एकत्र राहतात, असं ते म्हणत. प्रमोदिनीने एम.ए.ला अमेरिकेतल्या फलप्रामाण्यवाद्यांचा अभ्यास केलेला. सगळ्यांची अडचण सगळ्यांनी सोडवायला घेतली की त्यातूनच समाज घडतो, हे तिचं म्हणणं.

विहिरीवर मात्र रोज भांडणं. गावातल्या बायका प्रमोदिनीसारख्या नव्या भाडेकरूंना दोष देत, भाडेकरू गावाला. प्रमोदिनीने गाळ काढण्यासाठी सभेची सूचना भिंतीवर लावली. शेजारच्या सरोजखेरीज कुणी फिरकलं नाही.

“सूचना लावलीस, बोलावणं कुठे केलंस?” हरिहरपंत म्हणाले. “तुळसाबाईंच्या सासऱ्यांनी ती विहीर खणली. त्यांच्या दारात गेलीस का?”

तिला ते झोंबलं, पण पटलंही. चैत्रातलं हळदीकुंकू विहिरीच्या कट्ट्यावर करायचं तिने ठरवलं. पहिला मान तुळसाबाईंना.

हरिहरपंतांचा चेहरा बदलला. “त्या विधवा आहेत. रीत मोडेल.”

“मामंजी, रीत माणसं जोडते ना? मग विहिरीच्या घरधनिणीलाच बाहेर ठेवून ती कुणाला जोडणार? करून बघते. फसलं तर माझं चुकलं म्हणेन.”

ती तुळसाबाईंच्या दारात गेली.

मिठागरात राबून वाकलेल्या तुळसाबाई म्हणाल्या, “बाय, मना कनाला बोलवतंस? लोक तुला नावं ठेवतील.”

“ठेवू देत. तुम्ही या.”

त्या आल्या. प्रमोदिनीने त्यांना पाटावर बसवलं, पहिलं पन्हं त्यांच्या हातात दिलं, भिजवलेले हरभरे पदरात घातले आणि वाकून नमस्कार केला. चौघी जणी उठून निघून गेल्या. प्रमोदिनीने पुढचा पेला भरला. बाकीच्या बसून राहिल्या.

जाताना तुळसाबाईंनी विचारलं, “रविवारी माझा गणू दोर घेऊन येल. तुमचे बाप्ये येतील ना?”

आले. हरिहरपंतही धोतर खोचून आले आणि त्यांनी विचारलं, “तुळसाबाई, मी कुठे उभा राहू?”

घरातला वाद काही मिटला नाही. पुढच्या चैत्रात प्रमोदिनी पहिलं बोलावणं घेऊन गेली, ती उठून गेलेल्या चौघींकडे. दोघी आल्या.